एका क्रियापदाची साक्ष

एरिसा क्योबे किविंजाच्या कोर्टात सोळा वर्षं दुभाषा होता. जज्जाचं इंग्रजी तो आपल्या माणसांना त्यांच्या लुगांडा भाषेत सांगायचा आणि आपल्या माणसांचं बोलणं जज्जाला इंग्रजीत. कामाबद्दल कोणी विचारलं तर हसून म्हणायचा, "मी पन्हळ आहे हो. छपरावरचं पाणी पिंपात जातं. पाणी गोड की कडू, ते पन्हळीला विचारू नका."

फिरिपो कावुमाचा खटला उभा राहिला आणि एरिसाच्या तोंडचं हे वाक्य बंद झालं ते कायमचंच.

कावुमा कुंपणं विणायचा. बोरूचे लांब देठ उभे लावून, त्यांना आडव्या पट्ट्यांनी आवळून, सरदाराच्या अंगणाला शोभेल असं कुंपण करावं तर त्यानेच. ज्या घरी काम असेल तिथे महिना-दीड महिना राहायचं, तिथेच जेवायचं आणि कुंपण पुरं झालं की पुढचं गाव धरायचं, असा त्याचा क्रम. सरोवराकाठच्या किट्टोलो गावात तो एका विधवेच्या घरी असाच राहिला. कुंपण पुरं झालं त्याच आठवड्यात विधवेची एकुलती एक मुलगी नाब्बोसा लव्हाळ्यांच्या दलदलीत मरून पडलेली सापडली. एकोणीस वर्षांची होती. त्याच सकाळी कावुमाबरोबर चालताना तिला दोघातिघांनी पाहिलं होतं आणि तिचा डोक्याचा रुमाल कावुमाच्या बोचक्यात मिळाला.

किट्टोलोच्या चौकीत त्याची जबानी घेतली तेव्हा दुभाषा एरिसाच होता. मे महिन्यातली दुपार, आभाळ काळंकुट्ट भरून आलेलं. घरी जाणारी शेवटची बस चुकली तर चिखलातून सहा मैल चालावं लागणार, म्हणून त्याचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं. कावुमा खाली मान घालून अगदी हळू बोलत होता. मध्येच तो म्हणाला, "नाली म्म्वागला." आणि थांबला.

त्यांच्या भाषेत हे क्रियापद एकच आहे. भुकेल्या माणसाला केळ्याचं मातोके हवं असतं तिथे तेच, आईवर जीव असतो तिथे तेच, देवाच्या प्रार्थनेत तेच आणि शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा असतो तिथेही तेच. त्यातलं कुठलं, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. एरिसाने चेहरा पाहिला नाही.

"म्हणजे त्याला ती हवी होती, असंच ना?" नव्यानेच आलेल्या गोऱ्या इन्स्पेक्टरने पेन्सिल टेकवून विचारलं. 'वॉन्ट' हा शब्द त्याचाच.

"हो साहेब," एरिसा म्हणाला. बस मिळाली.

सप्टेंबरात कंपालाहून जज्ज आला तेव्हा तो एक शब्द खटल्याचा मुख्य खांब होऊन बसला होता. सरकारी वकिलाचं म्हणणं सरळ होतं. याला ती हवी होती, तिने नाही म्हटलं, याने तिला पाण्यात दाबलं. रुमाल तिने मला दिला, असं कावुमा सांगत होता. नाब्बोसाच्या आईला पिंजऱ्यात उभं केलं. प्रेत मुलीचंच ना, दिवस कोणता आणि रुमाल कोणाचा, असे तीन प्रश्न विचारले आणि खाली बसवलं. ते तिन्ही प्रश्न एरिसानेच तिला तिच्या भाषेत सांगितले होते.

मग बचावाचा वकील उठला. नेमून दिलेला गुजराती माणूस होता, बारीक, सर्दीने बेजार.

"जबानीतल्या या वाक्याचं इंग्रजी कोणी केलं?"

"मी, साहेब."

"आरोपीचे मूळ शब्द?"

एरिसाने सांगितले. जज्जाला सल्ला द्यायला बाजूला बसवलेल्या दोन म्हाताऱ्या गावकरी पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.

"याचा अर्थ 'वॉन्ट' होतो?"

"होतो."

"आणि 'लाइक'?"

"तोही होतो, साहेब."

"'लव्ह'?"

"तोसुद्धा."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. जज्जाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिस्टर क्योबे, माणसाला जेवण आवडतं, देव आवडतो आणि बाई हवी असते, हे सगळं तुमच्यात एकच आहे का?"

"शब्द एकच आहे, साहेब. ऐकणाऱ्याला कळतं."

"मग तुम्ही ऐकलंत. तुम्हाला काय कळलं?"

मला कळलं नाही, मी आभाळाकडे बघत होतो, एवढं म्हणायचं होतं. पण सोळा वर्षांचा दुभाषा भर कोर्टात तसं म्हणत नाही. एरिसाने आरोपीला पुन्हा विचारायची परवानगी मागितली. ती मिळाली. कावुमाने या वेळी मान वर केली, जज्जाकडे नाही, पंचांकडे नाही, थेट एरिसाकडे पाहिलं आणि तोच शब्द पुन्हा उच्चारला, हळू, जवळजवळ लाडाने. त्याचे डोळे ओले होते.

या माणसाच्या गळ्यात दोर पडणार तो माझ्या बसच्या घाईमुळे, हे एरिसाला त्या क्षणी लख्ख दिसलं. आणि त्याच क्षणी त्याला मिशनच्या शाळेतल्या मिस पिलिंग आठवल्या. त्या फळ्यासमोर उभ्या राहून सांगायच्या, 'लाइक' चहासाठी, 'लव्ह' नवऱ्यासाठी आणि येशूसाठी, 'अडोअर' फक्त देवासाठी, पण लंडनच्या बायका ते टोपीबद्दलही म्हणतात, तुम्ही म्हणू नका. आणि 'फॉन्ड'? 'फॉन्ड' म्हणजे मावशी, म्हातारं कुत्रं, शेजारची मुलं. त्या शब्दाने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही, असं त्या म्हणायच्या.

"साहेब," एरिसा म्हणाला, "तो तिच्याबद्दल 'फॉन्ड' होता. मी आधी चुकलो."

जज्जाने ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी कावुमा सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघा पंचांतला मोठा म्हातारा काठी टेकत एरिसाजवळ आला. "बाळा, आतमध्ये तू शब्द बदललास," तो म्हणाला. "बाहेर माणूस तोच आलाय. पाहिलंस का नीट?"

"पुरावा नव्हता, आजोबा."

"पुराव्याचं मी कुठे विचारतोय?" म्हातारा म्हणाला आणि उतरून गेला.

नोव्हेंबरात नाकतोड्यांचे थवे आले. सगळं गाव ते पकडण्यात आणि तळून खाण्यात गुंतलेलं होतं. एका शुक्रवारी एरिसा कोर्टातून घरी आला तर अंगणात बोरूच्या मोळ्यांचा ढीग आणि ढिगाशेजारी कावुमा गुडघ्यांवर बसलेला.

"साहेब, तुमच्यामुळे हे हात राहिले," तो म्हणाला. "या हातांनी तुमचं कुंपण करीन. काही द्यायचं नाही. नाही म्हणू नका."

एरिसाने तोंड उघडायच्या आत डोरोकासी, त्याची बायको, म्हणाली, "नाही कशाला म्हणतील? बघा तरी आपलं अंगण! शेजारच्यांची बकरी स्वयंपाकघरात येऊन केळीच्या साली खाऊन जाते. जरा तरी लाज वाटत नाही का तुम्हाला, एसेझाचे बाबा? कोर्टातला माणूस आणि घर असं उघडं!"

तो राहिला. मागच्या झोपडीत झोपायचा, उजाडता कामाला लागायचा. उंच, सरळ, एकही फट नसलेलं कुंपण हळूहळू घराभोवती चढायला लागलं. डोरोकासी त्याच्या पानात भुईमुगाची आमटी दोनदा वाढायची. तो कधी आवाज चढवत नव्हता, दारूला शिवत नव्हता आणि बकरीलासुद्धा दगड मारत नव्हता. त्याच्यात खोट काढायची तर काय काढायची, हे एरिसाला कळेना. तरी त्याच्याकडे पाठ करून बसणं त्याला जमत नसे.

डिसेंबरात एसेझा, त्यांची मुलगी, मुलींच्या शाळेतून सुट्टीला आली. सतरा वर्षांची, बोलकी. येताच तिने कुंपणावरून हात फिरवला. "बाबा, हे कुंपण आहे की टोपली? आपण आतले नाकतोडे वाटायला लागलोय."

चार दिवसांनी एरिसा दुपारी लवकर परतला. कुंपणाच्या पलीकडून त्याला मुलीचा आवाज आला, मग कावुमाचा.

"फोंद," कावुमा म्हणत होता.

"फोंद नाही हो! फॉन्ड. ओठ असे करा."

"फॉन्ड. आय अ‍ॅम फॉन्ड."

"कोणाबद्दल? पुढे कोणाचं तरी नाव लागतं, काका. शब्द असा अर्धा सोडायचा नाही."

"नाव नंतर," कावुमा म्हणाला. "आधी शब्द नीट येऊ दे. तुझ्या बाबांनी या शब्दाने मला घरी आणलं."

एसेझा हसली. एरिसाला दार सापडेना. सकाळी होतं तिथे आता बोरू होते, आणि तो आपल्याच घराभोवती अर्धा वळसा घालून आत गेला.

त्या संध्याकाळी, अजून उजेड होता, दोघं पुरुष ओट्यावर बसले. डोरोकासीने पाहुण्यापुढे ठेवतात तशी चघळायच्या कॉफीच्या बियांची टोपली पुढे ठेवली आणि आत गेली. कावुमाने एक बी तोंडात टाकली, चघळली आणि अंगणात कपडे काढणाऱ्या एसेझाकडे बघत तो म्हणाला, "एसेझा. म्म्वागला."

तोच शब्द, तसाच हळू. एरिसाने या वेळी त्याचा चेहरा पाहिला, अगदी जवळून, नीट. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. झाकण लावलेल्या भांड्यावर जे असतं ते. लाइक, लव्ह, वॉन्ट, फॉन्ड, एकेक शब्द त्याने त्या चेहऱ्याला लावून पाहिला. एकही बसेना.

काय करावं ते त्याला सुचेना, आणि मग जुनी रीत आठवली. तो चर्चला जाणारा माणूस, आजोबांच्या काळच्या त्या गोष्टी त्याने कधी केल्या नव्हत्या. टोपलीतली एक बी त्याने उचलली आणि नखाने तिच्या दोन फोडी केल्या.

"फिरिपो," तो म्हणाला, "आपण रक्ताचे भाऊ होऊ. तू तुझ्या रक्तात भिजवून अर्धी मला दे, मी माझ्या रक्तात भिजवून अर्धी तुला देतो. माझं घर ते तुझं घर. माझी मुलगी ती तुझी मुलगी."

कावुमाने फोड हातात घेतली. बराच वेळ तळहातावर ती फिरवत राहिला. मग ती त्याने अलगद टोपलीत परत ठेवली.

"नको, साहेब," तो हसून म्हणाला. "मुलगी झाली की मग ती मुलगीच. आपल्या हाताने आपलंच दार का लावून घ्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच एरिसाने एसेझाला आत्याकडे पाठवलं. त्याची थोरली बहीण दलदलीपलीकडच्या गावात राहायची, बसने तासाभराचा रस्ता. "लग्नाच्या वयाची झालीस, आत्याकडे दोन आठवडे राहा, तिचं ऐक," एवढंच त्याने सांगितलं. मुलगी तोंड फुगवून गेली. डोरोकासीने विचारलं, "हे अचानक काय?" तेव्हा तो म्हणाला, "आत्याने बोलावलंय." खरं सांगायचं तर कोर्टातलंही सांगावं लागलं असतं. आपण न ऐकलेल्या शब्दाचं भाषांतर केलं, तेही दोनदा, हे बायकोसमोर कबूल करायला त्याची जीभ वळेना.

शनिवारी कोर्ट बंद. एरिसा घरी न सांगता किट्टोलोला गेला. नाब्बोसाची आई मासे सुकवायच्या मांडवाखाली बसली होती. तिच्या घराभोवती तेच कुंपण, उंच, सरळ, बिनफटीचं. त्याची सावली तिच्या अंगावर पडली होती.

नमस्कार-चमत्कार झाले. घर कसं आहे, दिवस कसे चाललेत, सगळं रीतीप्रमाणे. मग ती म्हणाली, "तुम्हीच ना ते? कोर्टातले बोलणारे?"

"हो, आई. तुम्हाला एक विचारायचं होतं. कावुमा म्हणाला की त्याला नाब्बोसा..." आणि त्याने तो शब्द उच्चारला. "तुम्ही ते कसं समजला होतात?"

म्हातारीने हातातला मासा उलटा करून ठेवला. "त्याचा शब्द तुम्ही चौकीत विचारलात, कोर्टात विचारलात, आता इथे येऊन विचारताय. एका शब्दासाठी तीन वेळा. माझ्या पोरीचा शब्द कोणी एकदा तरी विचारला?"

"तिचा कोणता शब्द?"

"ती म्हणायची, मला त्याची भीती वाटते. रोज म्हणायची. आई, तो काही बोलत नाही, काही करत नाही, पण मला भीती वाटते. मी म्हणायची, वेडे, एवढा गरीब माणूस, कुंपण पुरं होऊ दे, जाईल." तिने एरिसाकडे पाहिलं. "शेवटच्या दिवशी त्याने तिला विचारलं होतं, तुला पोहता येतं का. ती येऊन मला सांगून गेली. मी म्हटलं, सरोवराकाठी माणूस दुसरं काय विचारणार? हे मी कोर्टात सांगणार होते. तुम्ही म्हणालात, आता खाली बसा."

"ते जज्जसाहेब म्हणाले, आई."

"मी तर तुमच्याच तोंडून ऐकलं," ती म्हणाली.

एरिसा मिळेल त्या लॉरीत बसून परत आला. घरी पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंगणात कोणी नव्हतं. कुंपण जवळजवळ पुरं झालं होतं, दारापाशी हातभर जागा तेवढी राहिली होती. डोरोकासी ओट्यावर केळी सोलत होती, खुशीत.

"कुठे भटकत होता? एसेझाच्या शाळेतून माणूस आला होता. सोमवारी मुलाखत आहे तिची, शिक्षिकेच्या शिक्षणासाठी! निवड झाली तर बघा. तुमचा पत्ता नाही, आज शनिवार, संध्याकाळची बस नाही. मग फिरिपोच म्हणाला, मी सायकलवर घेऊन येतो. किती वेळचा गेलाय, येतीलच इतक्यात." ती थांबली. "काय झालं? चेहरा असा काय?"

"तू त्याला पाठवलंस?"

"अहो, मग कोणाला पाठवू? तुम्ही कधी काही म्हणालात का?"

शेजाऱ्याची सायकल न विचारताच एरिसाने ओढून घेतली.

किविंजाबाहेर रस्ता उतरत जातो आणि दलदलीवर घातलेल्या मातीच्या बांधावरून दीड मैल पलीकडे जातो. दोन्ही बाजूंना लव्हाळे माणसाच्या दुप्पट उंच. वारा आला की ते सगळे मिळून एकाच बाजूला वाकतात. बांधावर चिटपाखरू नव्हतं. एरिसा न थांबता पेडल मारत राहिला. बांधाच्या मध्याशी त्याला सायकल दिसली, रस्त्यावर आडवी पडलेली. तिच्या चाकाजवळ एसेझाची पत्र्याची पेटी.

"एसेझा!"

लव्हाळ्यांत खसखस झाली. मग थोड्या पुढे, बांधाच्या कडेला, त्याला ती दिसली. दोन्ही हातांनी सायकलचा पंप छातीशी धरून उभी होती, पाठ रस्त्याकडे, तोंड पाण्याकडे. कावुमा खाली होता, मांड्यांपर्यंत पाण्यात. एक हात त्याने तिच्याकडे वर केला होता, माणसाला उतरायला मदत करताना करतात तसा.

"आज लवकर आलात, साहेब," तो म्हणाला. हात त्याने खाली घेतला नाही. "चाक बसलं. म्हटलं, थांबलोच आहोत तर दारासाठी चार चांगले देठ कापून घ्यावेत. पोरीला म्हणत होतो, ये, धरायला लाग."

"वर ये, एसेझा," एरिसा म्हणाला. "माझ्याजवळ ये."

ती मागे न वळता, पाण्याकडे बघतच, एकेक पाऊल मागे सरकत त्याच्यापाशी आली. एरिसाने तिचा हात धरला. कावुमा पाण्यातच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाबरणं नव्हतं. जरा वेळाने त्याने खाली वाकून एक देठ कापला, मग दुसरा.

घरी उंबऱ्याच्या आत आल्यावर ती म्हणाली, "बाबा, चाक बसलं नव्हतं. त्याने वारा काढला, मी पाहिलं. म्हणून मी पंप घेतला. त्याने मला विचारलं, पोहता येतं का. मी म्हटलं, मासळीसारखं." मग ती रडायला लागली. तिला पोहता येत नव्हतं.

डोरोकासीने सगळं ऐकलं, कोर्टातलंसुद्धा. ती ओरडली नाही. तिने कोयता घेतला, बाहेर गेली आणि कुंपणाच्या पट्ट्या तोडायला लागली. एरिसाही गेला. अंधार पडेपर्यंत दोघांनी ते सगळं खाली आणलं. कावुमा आपलं बोचकं न्यायलासुद्धा आला नाही.

सोमवारी एरिसा जज्जासमोर जाऊन उभा राहिला. जज्ज त्याच दिवशी फेरीवर आला होता, चहा पीत होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता.

"त्याने तुमच्या मुलीला काही केलं का?"

"नाही, साहेब. पोहता येतं का विचारलं."

"हा गुन्हा नाही, मिस्टर क्योबे."

"साहेब, मला तो शब्द बदलायचा आहे."

"तो तुम्ही एकदा बदललात," जज्ज म्हणाला. "सुटलेल्या माणसावर त्याच खुनाचा खटला पुन्हा चालत नाही. त्या बाईच्या मुलीला काय वाटत होतं ते आम्हाला आधी कळायला हवं होतं."

"तिची आई सांगणार होती, साहेब. आपण तिला बसवलं."

जज्जाने कप खाली ठेवला. एरिसाने नोकरीचा राजीनामा टेबलावर ठेवला. पुढे त्याने कापूस खरेदीच्या गुदामात कारकुनी धरली. तिथे कोणाचं मन दुसऱ्याच्या भाषेत सांगायची पाळी येत नसे. एसेझाची निवड झाली. ती दूरच्या शाळेत गेली, सुट्टीतसुद्धा आत्याकडेच राहायला लागली, आणि एरिसाने तिला कधी ये म्हटलं नाही.

रविवारी मात्र तो घरी नसायचा. चर्च झालं की शेजाऱ्याची सायकल मागून घ्यायचा आणि एकेक पंचक्रोशी पालथी घालायचा. गावात शिरला की विचारायचा, इकडे कोणी कुंपणवाला आला होता का? पहिल्या काही आठवड्यांत सगळीकडे उत्तर एकच, आला होता, छान काम करून गेला. प्रत्येक ठिकाणी तो आधी घरातल्या मुली मोजायचा. त्या दिसल्या की मगच त्याला श्वास घेता यायचा. एकदा एका घरी तीन सांगितल्या आणि दोनच दिसल्या, तेव्हा तिसरी विहिरीवरून येईपर्यंत तो घामाने निथळत उभा राहिला. लोकांना तो भ्रमिष्ट वाटायला लागला.

मार्च महिन्यात, डोंगरापलीकडच्या एका गावात, त्याला अर्धवट कुंपण सापडलं. बोरू ताजे होते, कापल्या टोकाला अजून ओल होती. घरधनी कौतुकाने म्हणाला, "देठ संपले म्हणून आणायला गेलाय. दोन दिवसांत येतो म्हणाला. देवमाणूस हो."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे की. नालुमांसी! बाहेर ये, पाहुणे आलेत."

मुलगी आली, रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला, पण डोळे वर केले नाहीत. एरिसा तिच्यासमोर खाली, जमिनीवरच बसला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न असा विचारला की उत्तर येईपर्यंत दुसरीकडे कुठेही पाहिलं नाही.

"बाळ, तो माणूस तुला कसा वाटतो?"

तिने बापाकडे पाहिलं. मग एरिसाकडे.

"मला त्याची भीती वाटते," ती म्हणाली.

"काहीतरीच!" बाप म्हणाला. "एवढ्या गरीब माणसाची?"

"तिचं ऐका," एरिसा म्हणाला. "बाकी काही ऐकू नका. हेच ऐका." आणि त्याने सगळं सांगितलं, नाब्बोसाचं, कोर्टाचं, बांधाचं, आपल्या दोन्ही भाषांतरांचं, एकही गाळलं नाही. घरधनी आधी हसला, मग हसायचा थांबला.

एरिसा तिथेच राहिला. गुदामातली नोकरी गेली तरी चालेल, असा निरोप त्याने घरी पाठवला. तीन दिवस तो अर्ध्या कुंपणाच्या उघड्या बाजूला स्टूल टाकून बसून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कावुमा पायवाटेने चढून आला. डोक्यावर बोरूची भली मोठी मोळी होती, हात मोकळे होते. एरिसाला पाहून तो थांबला. दोघांमध्ये पन्नास पावलांचं अंतर असेल. एरिसा स्टूलावरून उठून उभा राहिला.

कावुमाने मोळी डोक्यावरून उतरवली, वाटेच्या कडेला नीट उभी करून ठेवली आणि आला तसा वळून चालायला लागला. घाई नव्हती. डोंगराच्या वळणावर तो दिसेनासा झाला.

त्यानंतर त्या मुलखात त्याला कोणी पाहिलं नाही. पलीकडच्या मुलखातून काय बातम्या येतात, तिकडे कोण कुठल्या भाषेत काय विचारतं, हे एरिसाला कळायचा मार्ग नव्हता. बोरूंची ती मोळी पावसाळाभर वाटेवर तशीच पडून राहिली. गावातल्या कोणी तिला हात लावला नाही.